अर्धा गुंठा पोरांच्या नावावर



या पानावर आपण एरवी बेणे, लागण, खताच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या याविषयी वाचता. या वेळी ऊस विकास विभागाकडून थोडी उलटी शिफारस आहे. घराला लागून जे रान आहे, त्यातला अर्धा गुंठा उसातून काढा आणि तो घरातल्या तीन ते आठ वर्षांच्या पोरांच्या ताब्यात द्या.

ऊस वाढवण्यासाठी ज्यांना पगार मिळतो त्यांनीच ऊस काढा म्हणावे, हे वाचून कुणी हसेल. हरकत नाही. लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटागटांतून हिंडतो तेव्हा उसाबरोबर घरांचे परसही नजरेस पडतात. पूर्वी न्हाणीच्या पाण्यावर आळू, कर्दळ आणि एखादी केळ असायची. कुडावर दोडक्याचा नाहीतर घेवड्याचा वेल चढवलेला असायचा, कडेला शेवगा असायचा. म्हातारी तिथे बसून काहीतरी निवडत असायची आणि तिच्याभोवती दोन-तीन नातवंडे मातीत खेळत असायची. आता पुष्कळ ठिकाणी उसाची पहिली सरी थेट न्हाणीच्या भिंतीला टेकलेली दिसते. वाटण्या झाल्या, पाणी आले, एकेक गुंठा मोलाचा झाला, हे सगळे मान्य. पण त्या सरीत परस गेला आणि परसाबरोबर पोरांची हक्काची जागाही गेली. आता पोरगं एकतर रस्त्यावर नाहीतर मोबाइलपुढे. उसात जा म्हणावे तर पात कापते, कुस टोचते, उंदरामागे साप येतो. तिकडे जुन्नर भागात तर उसात बिबट्याची पिल्ले सापडतात, तिथले आई-बाप पोरांना एकटे सोडायला धजत नाहीत.

शिवाय लहान पोराच्या दृष्टीने उसासारखे कंटाळवाणे पीक दुसरे नाही. आडसाली लागणीच्या वेळी जे पोर तीन वर्षांचे असते, ते तोड येईपर्यंत साडेचार वर्षांचे होते. मधल्या काळात त्याला दिसते काय? आधी हिरवे, मग आणखी उंच हिरवे. पेरणी त्याने बघितलेली नसते, कारण आपण बी पेरत नाही, कांडी लावतो. खोडव्यात तर तेवढेही नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढूनही दाणा मातीतून वर कसा येतो हे ज्याने कधी पाहिलेच नाही अशी पोरे आज आपल्याच गटांत आहेत. आम्हांला हे खटकते.

आता एक गंमत पाहा. आपण पोराला केजीला घालतो, फी भरतो, सकाळी गाडीत बसवून देतो. या ‘केजी’ शब्दाचा मूळ अर्थ काय? फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ असे नाव दिले. किंडर म्हणजे मुले आणि गार्टन म्हणजे बाग. हे नाव नुसते शोभेचे नव्हते. त्याच्या पद्धतीत प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे, आणि भोवती सगळ्यांचा मिळून सामाईक तुकडा असे. मुलांनी पेरायचे, पाणी घालायचे, आलेले तोडायचे. म्हणजे घरची बाग मोडून तिथे ऊस लावायचा आणि त्याच उसाच्या बिलातून बागेच्या नावाच्या शाळेची फी भरायची, असा हा व्यवहार झाला!

एवढ्या लांब जर्मनीत जायचेही कारण नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढले. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथे असे दिसून आले की, गरिबांची आणि दलित वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत. मग बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ साली सरकारी योजना आली तेव्हा तो देशभर पोचला. बाहेरून येणारी महाग साधने खेड्यात परवडायची नाहीत, तेव्हा या दोघींनी बिया, शिंपले, पाने, माती, काड्या असली साधने वापरली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरे चरतायत आणि पोरे तिथेच शिकतायत. या दोघींनी जे सामान म्हणून वापरले, ते सगळे आपल्या घरी फुकट पडलेले आहे. आपल्याला ते केर वाटते, एवढाच फरक.

आणि अगदी आपल्या कोल्हापूर शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद’ ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. ना. सी. फडके यांच्या त्या कन्या. त्याआधी त्या शिक्षकांच्या महाविद्यालयात शिकवीत. धाक आणि शिक्षा बाजूला ठेवून मुलाने हाताने करून, बघून, प्रश्न विचारून शिकावे, यासाठी ही शाळा. सृजन म्हणजे नवे काही निर्माण करणे. शब्द जड आहे, पण ज्वारीच्या धाटाचे भेंड आणि सालपे घेऊन बैलगाडी करणारे पोर दुसरे काय करत असते? चाक बसत नाही म्हणून ते काडी मोडते, दुसरी घेते, थुंकी लावून बघते. त्या वेळी बापाने “आण इकडं, मी करून देतो” म्हटले, की गाडी बापाची झाली.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे साडेपाचशे चौरस फूट. ३३ फूट लांब, साडेसोळा फूट रुंद. एवढे सगळे पोराला पिकवायला लावू नका. एका पोराला तीन फूट बाय तीन फुटांचा वाफा पुष्कळ झाला, कारण त्याचा हात दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूटच पोचतो. उरलेल्या जागेत एक मातीचा ढीग, एक सावलीचे झाड, जमले तर झोपाळा, आणि कडेने वेलवर्गीय भाज्या. बी विकत आणायची घाई नको. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा उघडा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, मोहरीही तशीच. मूग, चवळी लवकर उगवतात. मका आठवडाभर घेतो. धने मात्र रगडून, दोन फाका करून पेरा आणि दहा-बारा दिवस वाट बघा. पहिल्यांदा मेथीच पेरावी, पोराचा धीर तेवढाच असतो. महिन्याभरात तिची भाजी होते आणि आपण पेरलेली भाजी पोर न कुरकुरता खाते, हा आयांचा अनुभव आम्ही ऐकलेला आहे.

दुसऱ्या दिवशी पोरगं बी उकरून बघणार. बघू द्या. “आलं का न्हाई” हे त्याला आजच बघायचे असते, आणि उकरल्यावर त्याला फुगलेला दाणा, फुटलेले टरफल, खाली गेलेला पांढरा कोंब दिसतो. शेतकी शाळेत आम्हांला हेच काचेच्या भांड्यात टिपकागद लावून दाखवले होते. पेरतानाच चार दाणे जादा पेरा, म्हणजे उकरायला शिल्लक राहतील. रोज एक काडी शेजारी रोवून कोंबाच्या उंचीला खूण करा. अंक यायच्या आधी पोराला वाढ कळते. चिंचोके, भोपळ्याच्या बिया, पावट्याचे दाणे वेगवेगळे करून दहा-दहाचे ढीग लावायला दिले, की हिशेब सुरू. आजीने भाजी निवडताना “ह्यातली जून कुठली रं?” एवढे जरी विचारले तरी पोर पानाला हात लावून, वास घेऊन उत्तर देते.

आपल्या सणावारांत ही शाळा आधीपासून आहेच. नवरात्रात घट बसतो. पत्रावळीत माती, त्यात धान्य, आणि नऊ दिवसांत वर आलेली पिवळसर हिरवी रोपे. ते देवघरात उंचावर ठेवून “शिवू नको” म्हणण्याऐवजी शेजारी पोराचा एक वेगळा छोटा घट मांडावा. एक उजेडात, एक अंधाऱ्या कोनाड्यात. रोपांचा रंग का वेगळा, हे ते स्वतःच विचारील. बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल आणतो, ते आणावेत, पण सोबत चिखलाचा एक गोळाही पोराला द्यावा. त्याचा बैल तीन पायांचा झाला तरी पूजेत बसवा. दिवाळीत पन्हाळा नाहीतर विशाळगड करताना किल्ल्यावर अळीव टाकतातच. तिथे पोरांना वाट, तळे, बुरूज कुठे हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. अलीकडे तयार किल्ले विकत मिळतात. मातीच्या जिल्ह्यात माती विकत घ्यायची, यावर आम्ही काय बोलावे!

आमच्या विभागाच्या कामाचे म्हणून एक सांगतो. वळवाचा पाऊस झाला, की संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. बापाने पोराला घेऊन ते दाखवावेत, मोजावेत. रॉकेलच्या पाण्यात टाकायचे काम मात्र मोठ्यांचे. पाच वर्षांच्या पोराला भुंगेरा आणि मातीतली पांढरी अळी ही एकाच किड्याची दोन रूपे आहेत हे कळले, तर पंधरा वर्षांनी आमचे निम्मे काम वाचेल.

वेळ कुठला, असे सभासद विचारतील. पहाटे दूध डेअरीला, रात्री लाईट आली की मोटार चालू करायला, मधे पाणी पाजायला. हे आम्ही रोज बघतो. पण संध्याकाळी चावडीवर, पानपट्टीवर अर्धा तास जातोच की. तो परसात घालवावा. हे आम्ही मुद्दाम बापांना सांगतो आहोत. ही बाग म्हणजे घरच्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम असे होता कामा नये. तिच्याकडे गोठा आहे, चूल आहे, भांगलण आहे. पोराला वाफ्यावर न्यायची जबाबदारी बापाची आणि आज्याची.

काही धोके स्पष्टच सांगितले पाहिजेत. तणनाशकाची, खोडकिडीच्या औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी पोराच्या हाती पाणी घालायला देऊ नका. तांब्या, फुटका मग काहीही चालेल. औषधे आणि खताची पोती परसाबाहेर, कुलपात. या अर्ध्या गुंठ्यात आणि शेजारच्या दोन सऱ्यांत फवारणी टाळा. कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज ही झाडे पोरांच्या जागेत नकोत, त्यांच्या बिया विषारी असतात आणि दिसायला छान असतात. न्हाणीच्या पाण्याचा खड्डा झाका. विहिरीला कठडा नसेल, शेततळ्याला कुंपण नसेल, तर आधी ते करा आणि मगच बागेचे बोला.

नुकसानीचा हिशेब राहिला. एकरी ४० टन धरले तर अर्ध्या गुंठ्याला ऊस होतो अर्धा टन. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरली आहे. त्या दराने १,७७५ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक, खत, बेणे वजा करा, आणि आडसालीला ही रक्कम दीड वर्षांनी हाती येते हेही धरा. परसातला शेवगा, आळू, दोडका, मेथी यांच्यावर बाजारचा किती खर्च वाचला हे घरच्या बाईला विचारावे. ती बरोबर सांगेल.

हंगाम सुरू झाला की तुमच्या बांधाला तोडणी टोळ्यांच्या कोप्या पडतील. बीडकडून आलेली ती पोरे दिवसभर वाढ्यांच्या ढिगावर बसून असतात, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळतात. काही ठिकाणी साखरशाळा चालल्या, पण तीन-चार वर्षांच्या लेकराला त्याचा उपयोग नसतो. टोळी जवळपास महिनाभर टिकणार असेल, तर तेवढ्यात मेथी होते. आपल्या पोराच्या वाफ्याशेजारी एक वाफा त्यांनाही आखून द्यावा, मूठभर बी द्यावे. पोरांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही. आणि जाताना जुडी त्यांच्या आईच्या हातात पडली, तर त्या रात्री कोपीत कोरड्यास होईल.

येत्या लागणीची नोंद देताना घरालगतच्या रानाचे क्षेत्र अर्ध्या गुंठ्याने कमी सांगा. आमचा माणूस कारण विचारील. तेव्हा आपण उत्तर देऊ नये, पोराला पुढे करावे. कुठे काय पेरले आहे आणि काय उकरून बघितले, ते तोच दाखवील. आमच्या माणसाला वेळ काढून ऐकायला सांगितलेले आहे.