वर्गात पेंगणारे मूल आणि झोपेतील श्वासाचा अडथळा

वर्गात पेंगणारे मूल बहुतेक शाळांत एखादे तरी आढळते. त्यास आळशी समजले जाते व प्रसंगी शब्दांचा मारही मिळतो. परंतु रात्रभर अंथरुणात असूनही ज्याची झोप पुरी होत नाही, अशा मुलाचा यात काहीच दोष नसतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग काहीसा अरुंद होतो. तेथे आधीच अडचण असल्यास मूल घोरू लागते. मार्ग मिटला की श्वास काही क्षण थांबतो, मूल अर्धवट जागे होते व पुन्हा झोपते. रात्रीतून असे अनेकदा घडते. सकाळी मात्र त्यास काही आठवत नाही. शंभरांत सुमारे एक ते पाच मुलांना हा विकार असतो.

टॉन्सिल व नाकामागील अॅडिनॉइड या ग्रंथींची वाढ हे मुलांतील प्रमुख कारण होय. साधारण २ ते ८ वर्षांच्या वयात या ग्रंथी घशाच्या मानाने मोठ्या असतात. म्हणून पहिली-दुसरीच्या वर्गांत विशेष लक्ष हवे. धुळीने नाक चोंदणे, घरातील विडीचा वा चुलीचा धूर, लठ्ठपणा, लहान जबडा, तसेच आईवडिलांस हाच विकार असणे, यांमुळेही धोका वाढतो. मुलांच्या मागासलेपणाशी अशा अडथळ्याचा संबंध लंडनचे डॉ. विल्यम हिल यांनी सन १८८९ मध्येच दाखविला होता.

असे मूल बहुधा तोंडाने श्वास घेते. काही मुले पेंगण्याऐवजी चंचल व चिडखोर होतात, हेही ध्यानात ठेवावे. शंका येताच शिक्षकांनी आईस विचारावे : मूल बहुतेक रात्री घोरते काय? मध्येच श्वास अडकतो काय? झोपेत घामाने भिजते काय? केवळ सर्दीपुरते घोरण्याने घाबरण्याचे कारण नाही.

निदान करणे हे शिक्षकांचे काम नव्हे. पालकांस समजावून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, अथवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्याची नोंद आवर्जून सांगावी. औषधाने वा शस्त्रक्रियेने बहुतेक मुलांस गुण येतो. शिक्षेने मात्र कोणाचीही अपुरी झोप भरून निघत नाही.