विश्लेषण : टर्बो गाडीचं हेड गॅस्केट बदलूनही पुन्हा का ‘उडतं’?

रिमॅप केलेली टर्बो गाडी शहरात छान पळते. कसारा किंवा खंबाटकी घाटात मात्र, चार माणसं आणि सामान घेऊन जोरात चढ चढला की बॉनेटखालून कूलंटचा वास येतो आणि कूलंटची बाटली ओसंडलेली दिसते. गॅरेजमध्ये इंजिन चालू करून पाहिलं तर सगळं ठीक. तापमानाचा काटा जागेवर, ऑईल स्वच्छ. शेवटी हेड गॅस्केट बदललं जातं, मोठं बिल होतं आणि काही आठवड्यांत तोच प्रकार पुन्हा.

अशा वेळी खापर नव्या गॅस्केटवर फुटतं. पण जास्त बूस्टच्या इंजिनात हेड घट्ट बसवून ठेवण्याचं खरं काम गॅस्केटचं नसतं, ते हेडच्या बोल्टचं असतं. बोल्टची पकड कमी पडली किंवा सिलिंडरमधला दाब हाताबाहेर गेला की गॅस्केट जातं. ते कारण तसंच ठेवून कितीही महागडं गॅस्केट टाकलं तरी उपयोग नाही.

दाब नेमका किती असतो?

इंजिनचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड. या दोघांच्या मध्ये गॅस्केट बसतं. एकाच पातळ पट्टीला तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात: जळणारा वायू, कूलंट आणि ऑईल.

आता थोडा हिशेब. ८० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर धरा. टर्बो पेट्रोल इंजिनात इंधन पेटल्यावर आतला दाब १०० बारपर्यंत जाणं नवलाचं नाही. म्हणजे हेडला वर ढकलणारा जोर सुमारे ५ टन, एका मोठ्या हत्तीच्या वजनाएवढा. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला २५ वेळा बसतो. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात दाब १५० बारच्याही पुढे जातो.

मग हेड उचललं कसं जात नाही?

कारण बोल्ट आधीच ताणून ठेवलेले असतात. १० मिलिमीटरचा, १०.९ दर्जाचा एक बोल्ट साधारण ५ टनांचा ताण देतो. चार सिलिंडरच्या इंजिनात असे दहा बोल्ट धरले तर एकूण पकड सुमारे ५० टन, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला साडेबारा टन. ५ टनांच्या धक्क्यापुढे ही पकड भरपूर वाटते. पण धक्का बसला की गॅस्केटवरचा दाब तेवढ्यापुरता कमी होतो, आणि उरलेल्या दाबावरच सील टिकवायचं असतं. बूस्ट वाढवून आतला दाब १३० बारवर नेला की धक्का साडेसहा टनांच्या वर जातो. बोल्ट मात्र तेच, पकडही तीच.

मर्यादा ओलांडली की हेड क्षणभर, केसापेक्षाही कमी, उचललं जातं. वायू कूलंटच्या वाटेत घुसतो आणि दाब ओसरताच फट पुन्हा मिटते. उभ्या गाडीत काहीच सापडत नाही ते यामुळे. आयडलिंगला फट नसतेच.

बूस्ट की नॉकिंग?

बूस्ट गेज १ बार दाखवतं तेव्हा वातावरणाचा दाब धरून सिलिंडरकडे २ बारची हवा जात असते. हवा जास्त, इंधन जास्त, त्यामुळे दाबही जास्त. हे अपेक्षितच आहे. पण पेट्रोल इंजिनातला खरा शत्रू नॉकिंग. स्पार्कने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकलं की दाबाच्या लाटा हातोड्यासारख्या आदळतात. गॅस्केटची सिलिंडरभोवतीची कडा त्यांनीच चेपते. नीट ट्यून केलेलं जास्त बूस्टचं इंजिन टिकतं आणि कमी बूस्टवर नॉक होणारं इंजिन गॅस्केट खातं, हा विरोधाभास म्हणूनच दिसतो. डिझेलमध्ये हीच भूमिका घाईच्या इंजेक्शनची. टायमिंग फार पुढे घेतलं की दाबाचं टोक उंचावतं.

‘स्टेज टू’ची फाइल विकणारे हॉर्सपॉवरचा आकडा ठळक छापतात. सिलिंडरमधला कमाल दाब किती झाला, हे ग्राहकाने विचारल्याशिवाय सहसा कोणी बोलत नाही.

टॉर्क मारला म्हणजे पकड बसली?

इथेच सर्वाधिक घोळ होतो. पान्याने लावलेल्या जोरातला जवळपास ९० टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. आटे गंजलेले किंवा कोरडे असतील तर टॉर्क रेंच ‘टक्’ करतो, पण बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसतो.

म्हणूनच कंपन्या आधी ठरावीक टॉर्क आणि मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असा कोन देतात. कोनाने घर्षणाची लबाडी बरीचशी टळते. असे अनेक बोल्ट कायमचे किंचित लांबेपर्यंत ताणले जातात, त्यामुळे ते पुन्हा वापरायचे नसतात. काहीशे रुपये वाचवायला जुनेच बोल्ट चढवणं, हे गॅस्केट पुन्हा जाण्याचं अगदी साधं कारण आहे. दुसरं कारण बोल्टच्या भोकात साचलेलं ऑईल किंवा कूलंट. बोल्ट तळाशी पोहोचण्याआधीच द्रव त्याला अडवतो. टॉर्क भरल्यासारखा वाटतो, कधी ब्लॉकला तडाही जातो.

जास्त बूस्टसाठी बोल्टऐवजी स्टड वापरतात. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसवतात आणि वरून नट आवळतात. त्यामुळे स्टडला पीळ जवळपास बसत नाही, ताण सरळ मिळतो.

अमेरिकेत २००३ ते २००७ दरम्यान विकल्या गेलेल्या फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोक डिझेलचं उदाहरण प्रसिद्ध आहे. प्रत्येक सिलिंडरभोवती चारच बोल्ट, त्यात मालकांनी वाढवलेला बूस्ट. तिथे गॅस्केटसोबत मजबूत स्टड टाकणं हा जवळजवळ ठरलेला उपाय झाला.

पृष्ठभाग का महत्त्वाचा?

आजची बहुतेक गॅस्केट मल्टि-लेयर स्टीलची, म्हणजे एमएलएस असतात. स्प्रिंग स्टीलचे तीन-चार थर, त्यावर उठवलेल्या कडा आणि रबराचा पातळ लेप. हेड थोडं हललं तरी कडा स्प्रिंगसारखी मागोमाग येते. पण हे गॅस्केट जुन्या ग्राफाइटच्या गॅस्केटसारखे खड्डे भरून काढत नाही. हेडची सपाटी साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत लागते आणि फेसिंगही गुळगुळीत लागतं. ग्राइंडरला घासायची डिस्क लावून हेड ‘चकाचक’ केलं की जागोजागी खोलगट होतं, आणि उडालेली कचकच बेअरिंगपर्यंत जाते ती वेगळीच.

ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असेल तर आणखी एक अडचण. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं की ब्लॉकपेक्षा सुमारे ०.४ मिलिमीटर जास्त लांबतं. प्रत्येक वेळी गाडी तापली, थंड झाली की गॅस्केट या दोघांमध्ये घासलं जातं.

रेसिंगवाल्यांनी काय केलं?

ड्रॅग रेसिंगमध्ये सिलिंडरभोवती खाच कापून त्यात तार बसवतात आणि वर तांब्याचं गॅस्केट ठेवतात. तार तांब्यात रुतते आणि वायू अडतो. मात्र तांबं कूलंट तितकं चांगलं अडवत नाही, वेगळं सीलंट लागतं. रोजच्या गाडीसाठी हा उपाय सुचवणाऱ्यापासून दूर राहिलेलं बरं.

काहींनी सांधाच काढून टाकला. अमेरिकेच्या ऑफेनहाउझर इंजिनात हेड आणि ब्लॉक एकाच ओतकामात होते. १९६८मध्ये इंडियानापोलिस ५०० जिंकणारं पहिलं टर्बो इंजिन हेच. पोर्शने १९७८च्या ९३५/७८ या रेसिंग कारमध्ये हेड थेट सिलिंडरला वेल्ड केले. गॅस्केट नाही, म्हणून उडण्याचा प्रश्नही नाही. व्हॉल्व्हचं काम निघालं की मेकॅनिकचे हाल, एवढंच.

आपल्या गाडीत कसं ओळखायचं?

दुधट ऑईल आणि पांढरा धूर ही उशिराची लक्षणं. हेड उचलत असेल तर आधी कूलंट हळूहळू कमी होतं, वरचा होज दगडासारखा कडक होतो, जोर दिल्यावरच बाटली ओसंडते. खात्रीसाठी थंड इंजिनवर कूलिंग सिस्टीमला प्रेशर गेज जोडून गाडी चढावर चालवतात. पाणी तापण्याआधीच, एक्सिलरेटर दाबताक्षणी काटा वर गेला, तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरमधला आहे. सोबत ओबीडी स्कॅनरवर बूस्ट आणि नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग नोंदवून ठेवावं. हेड खोलण्याआधी हे दोन आकडे मेकॅनिकच्या आणि ट्यूनरच्या, दोघांच्याही समोर ठेवता येतात.