थरथर गाडीची, तपासणी तेलाची

महामार्गावर टोलनाका जवळ आला की रस्त्यावर आडव्या पट्ट्या लागतात आणि त्यांवरून जाताना गाडी क्षणभर थरथरते. हीच थरथर गुळगुळीत रस्त्यावर, ताशी ५०-६० किलोमीटर वेगात, ॲक्सिलरेटर हलकासा दाबलेला असताना जाणवू लागली, की ऑटोमॅटिक गाडीचा मालक आधी टायरवाल्याकडे जातो. चाकांचे बॅलन्सिंग होते. मग स्पार्क प्लग बदलले जातात. थरथर तशीच राहते. शेवटी एखाद्या गॅरेजात निकाल मिळतो : 'गिअरबॉक्स गेला.' हा निकाल महागात पडणारा असतो आणि दरवेळी तो खरा असतोच असे नाही. दोष कधी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असतो, तर कधी केवळ त्यातल्या तेलात.

मॅन्युअल गाडीत सिग्नलला थांबताना चालक क्लच दाबून इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तोडतो; विसरला तर इंजिन बंद पडते. कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा जोर तेलामार्फत पुढे जातो. बादलीतले पाणी हाताने गोल फिरवले की त्यावर तरंगणारे पान हात न लावताही फिरू लागते, तसेच काहीसे. दोन खोल परातींची तोंडे जुळवून जोडावीत, तसा कन्व्हर्टर दिसतो. आत इंजिनाला जोडलेला पंप तेल भिरकावतो आणि त्या तेलाने समोरचा टर्बाइन फिरतो. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतो. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा फिरवण्याचा जोर, म्हणजेच टॉर्क, साधारण दुप्पट होतो. या कल्पनेचे पेटंट जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये घेतले, तेही जहाजांसाठी. वेगाने फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनची सांगड त्यांना संथ पंख्याशी घालायची होती.

तेलाच्या जोडणीत एक उणीव आहे. टर्बाइन पंपापेक्षा थोडा मागेच राहतो आणि त्या घसरणीत वाया गेलेली ऊर्जा उष्णता होऊन तेल तापवते. म्हणून आधुनिक कन्व्हर्टरमध्ये 'लॉक-अप' क्लच असतो. गाडीने वेग घेतला की तो पंप आणि टर्बाइन यांना एकत्र पकडतो. त्याचे अस्तर झिजले किंवा तेलाचा गुण उतरला, की पकड बसते-सुटते, बसते-सुटते. पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते ती इथून.

इंजिनाचा एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तरीही गाडी अशीच हादरते. फरक ओळखण्याची एक सोपी युक्ती अनुभवी मेकॅनिक वापरतात. मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचे पेडल नुसते टेकवायचे, दिवा लागेल एवढेच. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा संकेत मिळताच लॉक-अप सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली, तर संशय कन्व्हर्टरवर जातो. चालूच राहिली, तर इंजिन किंवा चाके तपासावीत. स्कॅनरवर इंजिनाचे आणि टर्बाइनचे फेरे शेजारी-शेजारी पाहिले की घसरण आकड्यांत दिसते. कित्येकदा पी ०७४१ हा कोड नोंदलेला असतो. लॉक-अप अपेक्षेप्रमाणे पकडत नाही, एवढेच तो सांगतो. चूक क्लचची, तेलाचा दाब सोडणाऱ्या सोलेनॉइडची की व्हॉल्व्ह बॉडीची, हे पुढे शोधावे लागते. कोड ही तक्रार असते, निदान नव्हे.

इतर लक्षणेही बोलकी असतात. गाडी जागेवरून निघताना मंद, पण वेग घेतल्यावर ठीक असेल, तर स्टेटरची एकाच दिशेने फिरू देणारी कळ निसटत असू शकते. तीच कळ जाम झाली, तर गाडी निघते छान, पण वेगात ओढत नाही आणि तेल तापते. सिग्नलला थांबताना इंजिन दचके देत बंद पडत असेल, तर लॉक-अप सुटतच नसल्याची शक्यता असते. ब्रेक पूर्ण दाबून, गिअरमध्ये इंजिन जोरात फिरवण्याची 'स्टॉल' चाचणीही आहे. पण ती मालकाने स्वतः करू नये. त्या वेळी इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते, म्हणून जाणकारही ती पाचेक सेकंदांवर लांबवत नाहीत.

दुरुस्तीची सुरुवात तेलापासून होते. हे तेल बहुधा लाल असते. ते काळपट होऊन जळका वास येत असेल, तर आत काही तरी झिजते आहे. ते गुलाबी लस्सीसारखे दिसले, तर रेडिएटरमधले पाणी त्यात मिसळले आहे आणि क्लचचे अस्तर धोक्यात आहे. धातूचा चुरा नसेल आणि थरथर नुकतीच सुरू झाली असेल, तर कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे तेल बदलून काही गाड्या बऱ्या होतात. चुकीच्या प्रतीच्या तेलाने मात्र चांगली गाडीही थरथरू लागते.

अस्तरच गेले असेल, तर गिअरबॉक्स उतरवणे अटळ ठरते. कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असतो; तो साध्या गॅरेजात उघडत नाही. तो बदलतात किंवा खास कारखान्यात लेथवर कापून, अस्तर, बेअरिंग व सील बदलून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करतात. ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुणेही तितकेच महत्त्वाचे, नाहीतर जुना चुरा नव्या कन्व्हर्टरमध्ये शिरतो. बसवताना कन्व्हर्टर तेलपंपात पूर्ण आत गेला नाही आणि तसेच बोल्ट आवळले, तर पंप फुटतो.

'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांत कन्व्हर्टर नसतो. एएमटी गाडीत साधाच क्लच असतो, फक्त तो यंत्रणा दाबते. त्यामुळे गाडी कोणत्या प्रकारची, हे मालकाला ठाऊक हवे. आणि गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी त्याने गॅरेजात तीन गोष्टी विचाराव्यात : तेल काढून पाहिले का? स्कॅनरवर घसरण किती दिसली? ब्रेक टेकवल्यावर थरथर थांबली का? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत गाडीखाली जॅक लावण्याची घाई नको.