वजाबाकीने सापडलेली प्रथिने

माणसाची एक पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएच्या सुमारे ६०० कोटी आधारजोड्यांची नक्कल व्हावी लागते. ती कोण करते? जिवाणूंपुरते या प्रश्नाचे उत्तर लवकर उलगडू लागले. आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५० च्या दशकातच ई. कोलाय या जिवाणूतून डीएनएची नक्कल करणारे विकर, डीएनए पॉलिमरेज, मिळवले आणि पुढे उत्परिवर्तित जिवाणूंनी एकेक जनुक दाखवून दिले. माणसाच्या पेशीत ही सोय नव्हती. तिथे नक्कल हजारो ठिकाणी सुरू होते आणि त्या जागा ओळखायला ठरावीक अक्षरक्रमही नसतो.

वाट सापडली ती एसव्ही-४० या विषाणूमुळे. पोलिओच्या लशीसाठी वापरल्या जाणाऱ्या माकडांच्या मूत्रपिंड-पेशींत तो १९६० मध्ये आढळला होता. त्याचा डीएनए वर्तुळाकार, जेमतेम ५,२४३ जोड्यांचा. नक्कल सुरू होण्याची जागा एकच. शिवाय या कामासाठी तो स्वतःचे एकच प्रथिन आणतो, ‘लार्ज टी अँटिजेन’. बाकी सारे यजमान पेशीकडून उसने. म्हणजे विषाणूची नक्कल करणारी प्रथिने शोधली, की पेशीचीच यंत्रणा हाती येणार होती.

१९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जोआकिम ली आणि थॉमस केली यांनी माकडाच्या पेशींच्या अर्कात, परीक्षानळीत, ही नक्कल घडवली. लवकरच माणसाच्या पेशींचा अर्कही चालू लागला. कोल्ड स्प्रिंग हार्बरला ब्रूस स्टिलमन आणि न्यूयॉर्कला जेरार्ड हरविट्झ यांचे गटही कामाला लागले. रीत वजाबाकीची: अर्काचे भाग पाडायचे, एक वगळायचा आणि नक्कल अडली तर त्या भागातले प्रथिन शुद्ध करत जायचे. सुट्या झालेल्या एकेरी धाग्याला धरून राहणारे आरपीए असेच सापडले. उंदराच्या पेशींच्या अर्कात एसव्ही-४० ची नक्कल होत नाही. पण माणसाचे पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज घातले की होते, हे हरविट्झ यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवले.

सर्वांत अनपेक्षित दुवा रुग्णांच्या रक्तात होता. ल्यूपसमध्ये शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. काही रुग्णांची प्रतिपिंडे विभाजन होत असलेल्या पेशींच्याच केंद्रकाला चिकटतात, असे एंग टॅन आणि सहकाऱ्यांना १९७८ मध्ये दिसले. त्या लक्ष्याला पीसीएनए हे नाव मिळाले, काम मात्र कळेना. १९८७ मध्ये स्टिलमन यांच्या प्रयोगशाळेत नकलेला अत्यावश्यक ठरलेले एक प्रथिन शुद्ध झाले, ते नेमके हेच निघाले. ते डीएनएभोवती कड्यासारखे बसते आणि पॉलिमरेज डेल्टाला धाग्यावरून सुटू देत नाही. हे कडे चढवणारे आरएफसीही पाठोपाठ सापडले. १९९४ मध्ये शोऊ वागा आणि स्टिलमन यांनी अर्काशिवाय, केवळ शुद्ध प्रथिनांनी विषाणूच्या डीएनएची पूर्ण नक्कल करून दाखवली. वजाबाकीचा ताळा बेरजेने जुळला.

तरी एक फट उरली होती. टी अँटिजेन सुरुवातीची जागा ओळखते आणि दुहेरी धागाही उलगडते. त्यामुळे माणसाच्या पेशीत ही दोन कामे करणारी प्रथिने या पद्धतीत दिसणेच शक्य नव्हते. ज्या सोपेपणामुळे विषाणू निवडला, त्यानेच ती झाकली. ती इतर जीवांत शोधावी लागली. जागा ओळखणारे ओआरसी १९९२ मध्ये स्टीफन बेल आणि स्टिलमन यांना यीस्टमध्ये मिळाले. धागा उलगडणारा सीएमजी हा अकरा घटकांचा संच २००६ मध्ये मायकेल बॉचन यांच्या गटाने फळमाशीतून वेगळा केला. एसव्ही-४० ला न लागणारे पॉलिमरेज एप्सिलॉनही पेशीच्या नकलेत कळीचे ठरले. अखेर २०२२ मध्ये केंब्रिजला जोसेफ यीलीस यांच्या गटाने माणसाच्याच शुद्ध प्रथिनांनी, सीएमजीसह, पेशीतल्या वेगाने नक्कल पुढे नेली.

विषाणूने झाकलेल्या या प्रथिनांचे महत्त्व दवाखान्यातही उमगले. खुजी उंची, लहान कान आणि गुडघ्याची वाटी लहान किंवा मुळीच नसणे, ही मायर-गॉर्लिन सिंड्रोमची लक्षणे. २०११ मध्ये या रुग्णांत दोष सापडले ते ओआरसी-१, ओआरसी-४, ओआरसी-६, सीडीटी-१ आणि सीडीसी-६ या जनुकांत. ही सगळी नकलेची पूर्वतयारी करणारी, आणि एसव्ही-४० च्या परीक्षानळीत यांतल्या एकाचीही गरज पडली नव्हती.