प्रयोगशाळेचा उंबरठा

सन २०११ मध्यें अमेरिकेंतील आरोग्याधिकाऱ्यांपुढें एक चमत्कारिक कोडें उभें राहिलें. आदल्या वर्षाच्या ऑगस्टपासून सालमोनेला या जंतूच्या एकाच वाणानें ठिकठिकाणीं लोक आजारी पडत होते. जूनअखेर रोग्यांची संख्या १०९ वर गेली. ते ३८ राज्यांत विखुरलेले होते, आणि त्यांतील एक दगावला. अशा रोगाचें मूळ सहसा अंडीं, मांस किंवा भाजीपाला यांत सांपडतें. या वेळीं मात्र बऱ्याच रोग्यांचा संबंध जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळांशीं असल्याचें दिसून आलें, आणि त्यांत विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या प्रयोगशाळाही होत्या. अधिक खेदाची गोष्ट अशी कीं, रोग्यांत लहान मुलेंही होतीं. मुलें प्रयोगशाळेंत गेलीं नव्हतीं. प्रयोगशाळाच त्यांच्या घरीं आली होती. २०१४ मध्यें असाच प्रकार पुन्हां घडला व ४१ जणांना बाधा झाली. अशा सांथींच्या चौकशींत जीं कारणें पुढें आलीं तीं अगदीं क्षुल्लक वाटणारीं आहेत : हातमोजे न घालणें, हात न धुणें, आणि आंत वापरलेली लेखणी व वही तशीच बाहेर नेणें.

विद्यार्थ्यांच्या रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंत सहसा सालमोनेला नसतो. तेथें वाढवितात तो ई. कोलाय नांवाच्या जंतूचा के-१२ हा वाण. १९२२ सालीं कॅलिफोर्नियांत एका रोग्याच्या विष्ठेंतून मिळविलेला हा जंतु इतक्या पिढ्या कांचेच्या भांड्यांत वाढला आहे कीं, माणसाच्या आंतड्यांत ठाण मांडण्याची शक्तीच तो गमावून बसला आहे. मग इतकें अवडंबर कशासाठीं, असें विद्यार्थ्याला वाटतें, आणि ही शंका अगदींच अप्रस्तुत नाहीं. परंतु याच जंतूच्या अंगीं प्रयोगासाठीं औषधांना दाद न देण्याचा गुण मुद्दाम घातलेला असतो. तो जिवंतपणीं मोरींत जाऊं देणें बरें नव्हे. म्हणून वापरलेलीं भांडीं व जंतूंचा रस्सा दाबाच्या वाफेंत १२१ अंश सेंटिग्रेडवर ठेवून निर्जंतुक करितात आणि मगच टाकितात. शिवाय हाताला जी संवय निरुपद्रवी जंतूवर लागते, तीच पुढें घातक जंतूपुढें कामास येते.

हातमोजांविषयीं मोठाच गैरसमज आहे. मोजे घातले कीं आपण सुरक्षित झालों, असें समजून विद्यार्थी त्याच हातानें दाराची कडी धरितो, दूरध्वनि उचलतो, चष्मा सांवरतो. आपल्या घरांत खरकट्या हातानें लोणच्याच्या बरणीस शिवूं देत नाहींत; त्यांतील तत्त्व हेंच आहे. मोजे घातलेला हात हा खरकटा हात होय. तो स्वतःचें रक्षण करितो, पण ज्या वस्तूला लागतो ती खरकटी करितो, आणि पुढील मनुष्य तीच वस्तु उघड्या हातानें धरितो.

एके काळीं कांचेच्या नळीनें द्रव तोंडानें ओढून घेण्याची सार्वत्रिक चाल होती, आणि तीपायीं अनेक संशोधकांच्या पोटांत रोगजंतु गेले. जर्मनींतील मारबुर्ग येथें १९५७ सालीं हाइनरिख श्निटगर यानें दट्ट्या व स्प्रिंग यांची सूक्ष्ममापी नळी तयार केली, तेव्हां हें संकट टळण्याचा मार्ग मोकळा झाला. तरी तोंडाचा मोह सर्वस्वीं गेलेला नाहीं; लेखणीचें टोंक चावीत विचार करणारे विद्यार्थी आजही आढळतात.

नवख्या विद्यार्थ्याला भीति वाटते ती जनुकांची. प्रत्यक्षांत इजा होते ती पुष्कळदां साध्या उष्णतेनें. डीएनएचे तुकडे वेगळे करण्यासाठीं ॲगारोज नांवाची पूड पाण्यांत उकळून तिचा थर करितात. भट्टींतून काढलेली बाटली वरून अगदीं शांत दिसते, पण आंतील द्रव उत्कलनबिंदूच्याही वर तापलेला असूं शकतो. ती हलवितांच तो उसळून हातावर व तोंडावर येतो. म्हणून झांकण सैल ठेवावें, बाटली कांहीं क्षण स्वस्थ राहूं द्यावी, आणि जाड मोजे घालून, तोंडापासून दूर धरून ती हळूच फिरवावी. फिनॉलचा प्रकार याहून कपटी आहे. तें कातडीवर पडलें असतां ती पांढरी पडते व बधिर होते, त्यामुळें वेदनेची सूचना मिळेपर्यंत बरीच हानि होऊन गेलेली असते. पातळ रबरी मोजा त्याला फार वेळ अडवीत नाहीं. शिंतोडा उडतांच मोजा फेकणें हेंच श्रेयस्कर.

पुढें त्याच थरांतील डीएनए दिसावा म्हणून एथिडियम ब्रोमाइड हें रंगद्रव्य वापरितात. त्याचे रेणु डीएनएच्या जोड्यांमध्यें जाऊन बसतात व अतिनील किरणांत नारिंगी चमकतात. जो गुण उपयोगाचा तोच धोक्याचा. आपल्या पेशींतील डीएनएही डीएनएच आहे. यास्तव हें द्रव्य वापरण्याचें मेज वेगळें राखतात, आणि अनेक ठिकाणीं त्याच्याऐवजीं कमी घातक रंग आले आहेत. किरणांच्या दिव्याकडे पाहतांना संरक्षक ढाल नसेल, तर त्या वेळीं कांहींच जाणवत नाहीं. कांहीं तासांनीं, बहुधा रात्रीं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपूं लागतें.

तास संपला कीं पांढरा अंगरखा आंतच खुंटीवर राहतो, मोजे उलटे करून टाकिले जातात, हात साबणानें मनगटापर्यंत धुतले जातात. आंतील लेखणी आंतल्याच मेजावर असते. घरीं न्यावयाची टिपणें स्वच्छ हातानें, दाराबाहेर, दुसऱ्या वहींत उतरून घेतात.