समांतर क्वेरी प्रक्रिया

समांतर क्वेरी प्रक्रिया म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एकाच प्रश्नाचे (क्वेरीचे) काम अनेक प्रोसेसरांवर वाटून एकाच वेळी पार पाडण्याची पद्धत होय. हे काम किती प्रोसेसरांत, कोणत्या आधारे वाटावे आणि त्यास किती मेमरी द्यावी, हे ठरवण्यास ट्यूनिंग म्हणतात.

कामाचे दोन प्रकार

ठाणे जिल्ह्यातील कल्याण-डोंबिवली महानगरपालिका (स्थापना १९८३) ही राज्यात ई-प्रशासन आरंभी स्वीकारणाऱ्या महानगरपालिकांपैकी एक आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले अशा सेवा संगणकावर आणणाऱ्या कोणत्याही महानगरपालिकेच्या डेटाबेसवर दोन भिन्न प्रकारची कामे येतात. खिडकीवर आलेल्या नागरिकाची थकबाकी दाखवणे हे पहिले. निर्देशांकाच्या (इंडेक्सच्या) साहाय्याने मोजक्याच नोंदी वाचाव्या लागत असल्याने त्यास एक प्रोसेसर पुरतो. सर्व थकबाकीदारांची प्रभागनिहाय यादी करणे हे दुसरे. त्यासाठी संपूर्ण तक्ता वाचावा लागतो आणि समांतर प्रक्रियेचा खरा लाभ येथेच होतो.

विभाजन आणि विषमता

तक्त्याचे तुकडे प्रभागाप्रमाणे पाडणे सोयीचे वाटते, परंतु डोंबिवलीतील दाट वस्तीच्या प्रभागात आणि टिटवाळ्याकडील विरळ भागात मालमत्तांची संख्या सारखी नसते. छोटा तुकडा मिळालेला प्रोसेसर लवकर मोकळा होतो, तर मोठा तुकडा मिळालेल्याचे काम चालूच राहते. उत्तर मात्र सर्वांचे काम संपल्यावरच मिळते, म्हणजे एकूण वेळ सर्वांत मोठ्या तुकड्याने ठरतो. या असमतोलास विषमता म्हणतात. मालमत्ता क्रमांकावर हॅश फलन लावून नोंदी विखुरल्यास तो बराच कमी होतो. प्रभागनिहाय बेरजा मग प्रत्येक प्रोसेसर आपापल्या तुकड्यापुरत्या करतो व शेवटी त्या एकत्र केल्या जातात.

किती प्रोसेसर?

जीन ॲम्डाल यांनी १९६७ साली मांडलेल्या युक्तिवादानुसार कामाचा न वाटता येणारा भाग वेगाला मर्यादा घालतो. असा भाग १० टक्के असेल, तर १६ प्रोसेसरांवर वेग जास्तीत जास्त ६.४ पट वाढतो आणि ३२ प्रोसेसरांवर केवळ ७.८ पट. यंत्रसामग्री दुप्पट करण्याच्या प्रस्तावांत हा हिशेब क्वचितच दिसतो. शिवाय सर्व प्रोसेसर एकाच डिस्कची वाट पाहत असतील, तर एवढाही लाभ होत नाही.

मेमरीचा प्रश्न अधिक फसवा आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये (समांतर क्वेरीची सोय आवृत्ती ९.६ पासून, २०१६) वर्गीकरणासाठी ठरवलेली मेमरीची मर्यादा प्रत्येक कामकरी प्रक्रियेस स्वतंत्रपणे लागू होते. २५६ मेगाबाइटची मर्यादा आणि प्रत्येकी दोन वर्गीकरणे करणाऱ्या आठ प्रक्रिया असतील, तर एकच क्वेरी ४ गिगाबाइटपर्यंत मेमरी व्यापू शकते.

यामुळे एकट्या क्वेरीवर घेतलेली चाचणी दिशाभूल करते. रिकाम्या सर्व्हरवर सर्व प्रोसेसर वापरून झटपट तयार होणारी यादी ३१ मार्चच्या दुपारी त्याच रीतीने चालवली, तर करभरणा खिडकीवरील लहान क्वेऱ्यांना प्रोसेसर मिळत नाही आणि रांग वाढते. म्हणून एका क्वेरीस मिळणाऱ्या प्रोसेसरांवर कमाल मर्यादा घालतात, तसेच ठरावीक खर्चाहून लहान क्वेरी समांतर चालू देत नाहीत. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये या खर्चमर्यादेचे मूळ मूल्य ५ असते. आजच्या यंत्रांसाठी ते बहुधा फारच कमी ठरते. यादीचे काम रात्री चालवणे हा साधा उपायही यात मोडतो.