सत्तरीनंतरचं कार्ड आणि रोजची गोळी

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, मग उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचं संरक्षण देण्याचा निर्णय ऑक्टोबर 2024 मध्ये अमलात आला. कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये, ही मोठीच सोय. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरची. म्हातारपणाचा खर्च त्याआधीच सुरू होतो : चष्मा, कवळी, रक्तदाबाची रोजची गोळी. गोळी सरकारी आरोग्य केंद्रात मिळते, अर्थात साठा असेल तर.

मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या 'लासी' या पाहणीत 2017-18 मध्ये 45 वर्षांपुढच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा 72 हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली गेली. साठीपुढच्या दर चौघांपैकी तिघांना एखादा जुनाट आजार होता. पाहणीत मुठीची पकडही मोजली होती. धोरणाला ती कशासाठी? पकड सैलावली की शरीरातले इतर स्नायूही झिजत असण्याची शक्यता असते आणि पडण्याचा धोका वाढतो. खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रिया कार्डावर होईल. पण घरी आल्यावर उठवायचं-बसवायचं कोणी? बहुतेक घरांत हे काम सुनेच्या नाहीतर लेकीच्या वाट्याला येतं आणि कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

जपानने यासाठी 2000 सालीच स्वतंत्र शुश्रूषा विमा आणला. त्याचा हप्ता चाळिशीपासून भरावा लागतो. आपल्याकडे दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 79 वर्षांपर्यंत दरमहा 200 रुपये आहे. शहरात मदतनिसाची एका दिवसाची मजुरीही याहून जास्त होते.